आधी मोजा, मग पाना उचला!

एक साधा प्रश्न. चालती गाडी अचानक अडखळायला लागली, तर तुम्ही सगळ्यात आधी काय कराल?

हा प्रश्न मी कँटीनमध्ये दहा-बारा जणांना विचारला. सगळे मेकॅनिकल आणि ऑटोमोबाइलचे. उत्तरं ऐका. ‘प्लग साफ करीन.’ ‘कचरा अडकला असेल, कार्बोरेटर खोलीन.’ ‘पेट्रोलमध्ये पाणी असणार, पंपवाल्याला शिव्या देईन.’ ‘बाबांना फोन करीन.’ (हे उत्तर सगळ्यात प्रामाणिक होतं!) पण एकानेही असं म्हटलं नाही की, ‘आधी नीट बघीन. कधी अडखळते आणि कधी अडखळत नाही, ते.’

सगळ्यांचे हात शिवशिवत होते, डोळे मात्र कुणाचेच उघडे नव्हते. आणि यात त्या मुलांचा दोष नाही. माझं म्हणणं असं आहे की आपल्याला इंजिन कसं चालतं ते शिकवलं जातं; ते का चालत नाही, हे कुणीच शिकवत नाही. आणि नोकरीला लागल्यावर आपल्यापुढे येणार आहे तो दुसरा प्रश्न!

आपली आय.सी. इंजिनची लॅब आठवा. आपण जातो तेव्हा इंजिन आधीच सुरू झालेलं असतं. लॅब असिस्टंट काकांनी ते सकाळी गरम करून ठेवलेलं असतं. आपण लोड वाढवायचा, ब्युरेटमधलं पेट्रोल संपायला किती सेकंद लागले ते बघायचं, टेंपरेचर लिहायचं आणि निघायचं. एखाद्या दिवशी इंजिन सुरू नाही झालं तर? तर प्रॅक्टिकल पुढच्या आठवड्यावर! म्हणजे ज्या दिवशी खरं काही शिकायला मिळालं असतं, नेमकं त्याच दिवशी आपल्याला हॉस्टेलवर परत पाठवतात. आपण पण खूश, कारण झोपायला मिळतं.

पुढे सबमिशनचा आठवडा. शीटचा जीटी मारायचा, जर्नल सीनियरच्या जर्नलवरून उतरवायचं. ग्राफ कसा यायला पाहिजे हे सगळ्यांना माहीतच असतं, मग रीडिंग्ज त्याप्रमाणे ‘बसवायची’. एखादा पॉइंट रेषेच्या बाहेर गेला की तो खोडायचा. कुणी विचारत नाही की अरे, हा एकच पॉइंट बाहेर का गेला? कदाचित त्या एका पॉइंटलाच काहीतरी सांगायचं असेल! मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे ‘व्हाय?’ असं विचारलं की सिस्टर खूश व्हायच्या. इथे ‘व्हाय?’ विचारलं की सबमिशन लांबतं.

आणखी एक गोष्ट, मुलींच्या वतीने. आमच्या बॅचमध्ये वीस जण, त्यात आम्ही तीन मुली. इंजिनभोवती मुलं कडं करून उभी राहतात आणि ‘तुझं अक्षर छान आहे, तू रीडिंग्ज लिही’ असं म्हणत वही आमच्या हातात येते. याचा मला राग यायचा, अजूनही येतो. पाना धरायला आम्हालाही आवडतं. पण त्या वहीत केवढी ताकद असते, हे मला एका जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारने दाखवून दिलं.

गेल्या उन्हाळ्यात मी सहा आठवडे मामाकडे, इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला होते. त्याच्याकडे १९७० सालची एमजीबी आहे. दोन सीटची, कापडी टपाची, लांब नाकाची. २०१९ पासून आपल्याकडे एमजी नावाच्या गाड्या विकल्या जातात, त्यांच्याशी हिचं नातं फक्त नावापुरतं. एमजी म्हणजे मॉरिस गॅराजेस, मूळ ऑक्सफर्डचं. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी तयार झाल्या. १९८० मध्ये कारखाना बंद झाला, पण गाड्या अजून चालतायत, कारण त्यांचे मालक शनिवार-रविवारी स्वतः त्यांच्याखाली आडवे होतात.

तुम्ही म्हणाल, विलायती स्पोर्ट्स कारचं आम्हाला काय कौतुक! थांबा जरा. एमजीबीचं इंजिन म्हणजे चार सिलिंडर, १७९८ सीसी, पुशरॉड-रॉकरची साधी रचना आणि दोन एसयू कार्बोरेटर. हे ‘बी-सीरीज’ घराण्यातलं इंजिन. याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन १९५५ साली एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये आलं. आणि तेवढ्याच सीसीचा त्याचा सख्खा भाऊ कित्येक वर्षं कुठे राबत होता, माहितेय? आपल्या ॲम्बॅसडरमध्ये! १४८९ आणि १७९८, दोघांचाही स्ट्रोक एकच, ८८.९ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच. फरक बोअरचा: एकाचा ७३ मिलिमीटर, दुसऱ्याचा ८०.३. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला ॲम्बॅसडर तयार होणं २०१४ मध्ये थांबलं. पण गावोगावच्या ज्या मिस्त्रींनी तिचे टॅपेट कानाने जुळवले, त्यांना मामाच्या गाडीचं बॉनेट उघडल्यावर परकं वाटलं नसतं.

तर मामाने हिवाळाभर खपून हे इंजिन पूर्ण नव्याने बांधलं होतं. क्रँक ग्राइंड केला, बेअरिंग नवे, सिलिंडर बोअर करून वीस थाऊ ओव्हरसाइज पिस्टन टाकले, कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे. पहिल्यांदा सुरू केल्यावर स्लोवर न ठेवता वीस मिनिटं साधारण दोन हजार आरपीएमवर चालवलं, कारण कॅम आणि टॅपेट एकमेकांवर बसतात ते याच वेळात. पाचशे मैलांचं रनिंग-इन झालं, ऑइल बदललं. सगळं पुस्तकाप्रमाणे.

तरीही गाडी मिसिंग करत होती!

इथे थोडं थांबून सांगते, नव्याने बांधलेल्या इंजिनातला दोष शोधणं इतकं अवघड का असतं. कालपर्यंत नीट चालणारी गाडी आज बिघडली, तर तिच्यात बहुधा एकच गोष्ट बदललेली असते. नव्याने बांधलेल्या इंजिनात शंभर गोष्टी एकदम बदललेल्या असतात आणि शंभरही संशयित! पुन्हा त्यातल्या काही अशा की दिसायला बरोबर, असायला चूक. उदाहरणार्थ, डिस्ट्रिब्युटर. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. म्हणजे एक नंबरचा पिस्टन वर येतो, पुलीवरची खूणही जुळते, पण तो कॉम्प्रेशनच्या शेवटी वर आलाय की एक्झॉस्टच्या शेवटी, हे खुणेवरून कळत नाही. चुकीच्या वेळी डिस्ट्रिब्युटर बसवला तर स्पार्क तगडा, पेट्रोल भरपूर, कॉम्प्रेशन उत्तम... आणि इंजिन सुरू व्हायचं सोडून कार्बोरेटरमधून फटाके फोडतं. खूण बघून भागत नाही. एक नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना, हे पण बघावं लागतं.

टॅपेटचंही तसंच. या इंजिनाला आठ व्हॉल्व्ह, आणि जुळवायचा एक मजेदार ‘नऊचा नियम’: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिल्याची गॅप बघायची, सातवा उघडा असेल तेव्हा दुसऱ्याची. बेरीज नेहमी नऊ. गॅप थंड इंजिनावर पंधरा थाऊ. वहीत आठ आकडे लिहून एकेकावर टिक करत गेलं नाही, तर एखादा हमखास सुटतो.

असो. तर मामाच्या गाडीची तक्रार अशी. स्लोवर एकदम छान, शिवणयंत्रासारखी. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ताकदीने ओढायची. पण सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने, चाळीस-पन्नास मैलांच्या वेगाने निघाली की हुंदके देत चालायची. कधी द्यायची, कधी नाही.

मामाच्या मित्रमंडळींत तिघांची चार मतं होती. बहुमत कार्बोरेटरच्या विरोधात. कमी थ्रॉटलला मिक्स्चर ‘लीन’ होतंय म्हणे, जेट खाली कर. मामाने जेटचा नट एकेक पैलू फिरवून बघितला. दुसरा म्हणाला कॉइल गरम होतेय, नवी आणली. तिसरा म्हणाला हल्लीचे कंडेन्सर लवकर मरतात, तोही बदलला. प्लग दोनदा बदलले. तीन शनिवार-रविवार गेले, खर्च झाला आणि हुंदके तसेच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

मी मामाला म्हटलं, “मामा, आज पाना नाही घ्यायचा. फक्त वही.” तो हसला. म्हणाला, “अगं, वहीने गाडी दुरुस्त होत असती तर सगळे कारकून मिस्त्री झाले असते.” पण थकलेला होता, हो म्हणाला. नियम दोनच ठेवले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि जे दिसेल ते लिहायचं, मग ते बिनमहत्त्वाचं वाटलं तरी.

आधी इंजिनाची तब्येत. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन: १६५, १६०, १६५, १६०. म्हणजे रिंगा, व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट सगळे निर्दोष सुटले. इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावला, स्लोवर काटा स्थिर. म्हणजे हवा कुठून चोरून आत जात नाही. गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर साठ. लिहिलं. मग कार्बोरेटर. एसयूची एक सुंदर सोय आहे. त्याच्या आतला पिस्टन पिनने जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. आरपीएम वाढून वाढलेलेच राहिले तर मिक्स्चर रिच, इंजिन मरायला लागलं तर लीन, आणि किंचित वाढून परत जागेवर आले तर बरोबर. मामाने नट पूर्ववत केले, मी दोन्ही कार्बोरेटरवर ही चाचणी केली. दोन्ही बरोबर. तीन आठवडे ज्याला फासावर चढवत होतो तो संन्यासी निघाला!

मग इंजिन २५०० आरपीएमवर एक मिनिट धरलं. वहीतली सातवी ओळ: ‘२५००, एक मिनिट. चार वेळा अडखळलं. प्रत्येक वेळी आरपीएमचा काटा झटक्याने खाली.’ नंतर टायमिंग लाइट लावून टायमिंग तपासलं. पुस्तकाप्रमाणे त्यासाठी डिस्ट्रिब्युटरकडे जाणारा व्हॅक्यूम पाइप काढून त्याचं तोंड बंद करायचं असतं, तसं केलं. वहीतली अकरावी ओळ: ‘टायमिंग बरोबर. व्हॅक्यूम पाइप काढलेला. २५००, एक मिनिट. एकदाही अडखळलं नाही.’

चहा पिताना मी वही उलगडली आणि सातवी नि अकरावी ओळ एकमेकींशेजारी ठेवून वाचली. इंजिन तेच, आरपीएम तेच, पेट्रोल तेच. फरक एकच, तो पाइप!

आता तो पाइप काय करतो ते सांगते, म्हणजे गंमत कळेल. हलक्या थ्रॉटलला सिलिंडरमध्ये मिश्रण कमी शिरतं आणि ते सावकाश जळतं. म्हणून स्पार्क जरा आधी द्यावा लागतो. त्यासाठी कार्बोरेटरमधला व्हॅक्यूम या पाइपमधून डिस्ट्रिब्युटरच्या डायफ्रामला ओढतो आणि ज्या प्लेटवर पॉइंट बसवलेत ती प्लेट थोडी फिरते. या गाडीत पाइपचं भोक थ्रॉटलच्या पाकळीच्या अलीकडे आहे. त्यामुळे स्लोवर पाकळी बंद असताना तिथे व्हॅक्यूम नसतो, प्लेट जागेवर. पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्डमधलाच व्हॅक्यूम जवळजवळ संपतो, प्लेट परत जागेवर. प्लेट हलते ती फक्त मधल्या, हलक्या पायाच्या चालीत. म्हणजे आपली तक्रार जिथे होती, नेमकी तिथेच!

आणि तो आरपीएमचा काटा? या मॉडेलमध्ये कॉइलकडे जाणारा करंटच त्या मीटरमधून जातो. पेट्रोल कमी पडलं असतं तर स्पार्क होत राहिला असता आणि काटा इंजिनाबरोबर सावकाश उतरला असता. इथे तो झटक्याने पडत होता. एवढं जड फ्लायव्हील असलेलं इंजिन इतक्या झटक्यात मंदावू शकतच नाही. म्हणजे इंजिन मंद होत नव्हतं, करंट तुटत होता. दोन धागे, दोन्ही एकाच ठिकाणी जाऊन मिळाले.

मग मात्र पाना... म्हणजे स्क्रू ड्रायव्हर घेतला. स्विच बंद, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. बाहेरच्या टर्मिनलपासून फिरत्या प्लेटवरच्या पॉइंटपर्यंत बोटभर लांबीची एक वायर जाते. तिच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला: जवळजवळ शून्य ओहम. मामाने पाइपचं दुसरं टोक तोंडात धरून हवा ओढली. प्लेट हलली आणि मीटर गेला अनंताकडे! हवा सोडली, परत शून्य. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. वायरचं वरचं आवरण अगदी शाबूत, पण आतल्या तारा प्लेटबरोबर वर्षानुवर्षं हलून तुटलेल्या. प्लेट जागेवर असली की तुटकी टोकं एकमेकांना टेकायची, हलली की सुटायची.

डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट नवे, कंडेन्सर नवा, रोटर नवा, झाकण नवं. राहिली होती ती एवढी एक वायर, कारण दिसायला ती चांगली होती. मामाने बारीक तारांची लवचीक वायर मापात कापून बसवली (साधी जाड वायर चालत नाही, ती प्लेटला हलू देत नाही आणि स्वतःही लवकर तुटते). वीस मिनिटांचं काम. त्या संध्याकाळी आम्ही चाळीस मैल फिरून आलो. एकही हुंदका नाही.

ही गोष्ट मी फुशारकी मारायला सांगत नाहीये. यात माझं काही मोठं ज्ञान नव्हतं. व्हॅक्यूम ॲडव्हान्स आपल्या सगळ्यांच्या सिलॅबसमध्ये आहे, चार मार्कांची टीप येते त्यावर. मामालाही ते माहीत होतं, त्याच्या मित्रांना तर माझ्यापेक्षा दसपटीने जास्त. फरक ज्ञानाचा नव्हताच. फरक इतकाच की तीन आठवडे सगळे ‘काय बदलू?’ असं विचारत होते आणि त्या दिवशी आम्ही ‘कधी होतं आणि कधी होत नाही?’ असं विचारलं. भाग बदलत गेलात तर दोष कधीतरी जाईलही, पण का गेला ते कळणार नाही. मोजत गेलात तर प्रत्येक मोजणीला संशयितांची निम्मी रांग घरी जाते.

आता मूळ मुद्द्यावर येते. हे आपल्या लॅबमध्ये का होऊ नये? आपल्याकडे चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे. त्यावर आपण मोर्स टेस्ट करतो. एकेका सिलिंडरचा स्पार्क बंद करायचा, लोड कमी करून आरपीएम परत मूळ आकड्यावर आणायचे, पॉवर किती घटली ते मोजायचं, त्यावरून इंडिकेटेड पॉवर काढायची. चार आकडे, एक बेरीज, सही, संपलं! पण जरा विचार करा. कुठलाही मिस्त्री हीच टेस्ट रोज करतो, फक्त त्याला मोर्सचं नाव माहीत नसतं. तो एकेका प्लगची वायर काढतो आणि कान देतो. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर इंजिनाला काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच आजारी! म्हणजे दोष शोधण्याची टेस्ट आपल्या हातात आहेच, आपण तिचा उपयोग फक्त बेरीज करायला करतो.

म्हणून माझी सूचना. दर सेमिस्टरला निदान एक प्रॅक्टिकल ‘बिघडलेल्या इंजिनाचं’ ठेवावं. सरांनी किंवा काकांनी आधी अर्धा तास इंजिनात एक दोष मुद्दाम करून ठेवायचा. एका प्लगची गॅप मिटवायची, एखादा व्हॅक्यूम पाइप ढिला करायचा, हवेचा फिल्टर अर्धा झाकायचा, बॅटरीची अर्थिंग सैल करायची, एका टॅपेटची गॅप वाढवायची. यातल्या एकाही गोष्टीला नवं मशीन लागत नाही. चार-चार जणांच्या गटाला चाळीस मिनिटं, एक मल्टिमीटर, एक कॉम्प्रेशन गेज आणि एक कागद. कागदावर चार रकाने: लक्षण, अंदाज, चाचणी, निकाल. अंदाज लिहिल्याशिवाय कुठल्याही भागाला हात लावायचा नाही. आणि मार्क दोष सापडल्याचे नाहीत, त्या कागदाचे! नशिबाने दोष सापडलेल्यापेक्षा नीट मोजून थोडक्यात हुकलेल्याला जास्त मार्क मिळाले पाहिजेत. हो, आणि गटात वही दरवेळी वेगळ्याच्या हातात, पाना पण दरवेळी वेगळ्याच्या हातात.

या जर्नलची कॉपी करता येणार नाही, कारण दर बॅचला दोष वेगळा. आणि परीक्षक म्हणून लॅब असिस्टंट काकांना बसवा. त्या इंजिनाच्या सगळ्या खोडी त्यांना पाठ आहेत. आपण मात्र वर्षभर त्यांच्याशी ‘काका, सही’ याच्यापुढे एक वाक्य बोलत नाही.

यावर काय बोललं जाईल तेही मला माहीत आहे. पहिला आक्षेप: आता कुठे राहिलेत कार्बोरेटर आणि पॉइंट? आता स्कॅनर लावला की गाडी स्वतःच सांगते. खरंच सांगते का? स्कॅनर ‘पी०१७१’ दाखवतो, म्हणजे मिक्स्चर लीन आहे. पण ते हवेच्या गळतीने, कमकुवत पेट्रोल पंपाने की खराब झालेल्या एअर-फ्लो सेन्सरने? ‘पी०३००’ म्हणजे मिसफायर, पण तो एका ठरावीक सिलिंडरचा नाही. मग कशामुळे? कोड गल्ली सांगतो, घर नाही. घर आपल्यालाच शोधावं लागतं. आवरणाच्या आत तुटलेली वायर तर इलेक्ट्रिक गाडीतही असू शकते!

दुसरा आक्षेप: मुलं इंजिन मोडतील. वर सांगितलेले बहुतेक दोष बाहेरचे आहेत, इंजिन पूर्ण उघडावंच लागत नाही. काळजी जरूर घ्यावी. आग विझवायचं नळकांडं जवळ, ओढणी-केस बांधलेले, हाय टेन्शनच्या वायरला उघडा हात नाही. ही शिस्त शिकणं हासुद्धा अभ्यासच आहे.

तिसरा आक्षेप: वेळ कुठे आहे? ज्या दिवशी इंजिन आपण होऊन बंद पडतं आणि आपण हॉस्टेलवर परत जातो, तो दिवस आहे की! तेवढा दिला तरी पुष्कळ.

कॉन्व्हेंटमधून आल्यामुळे मराठीतले काही शब्द मला उशिरा भेटले आणि म्हणून जास्त आवडले. त्यातला एक ‘निदान’. एक अर्थ दोष ओळखणं, दुसरा अर्थ ‘कमीत कमी’. दोन्ही अर्थ एकाच शब्दात ज्याने बसवले तो मोठा इंजिनिअर असला पाहिजे! चार वर्षांत आपण सगळेच काही मोठे संशोधक होणार नाही. पण बाहेर पडताना प्रत्येकाला, आणि प्रत्येकीला, निदान निदान तरी करता यावं. एवढी मागणी जास्त नाही ना?